बत्तीस गाठी

आमचे दाजी कुठल्याही सभागृहात शिरले की आधी टाळी वाजवतात. एकच. मग दहा पावलं चालतात, थांबतात, कान तिरका करतात आणि पुन्हा एक टाळी. सभागृह रिकामं असतं, व्यासपीठावर खुर्चीसुद्धा आलेली नसते, आणि साठी ओलांडलेला, पोट सुटलेला हा गंभीर चेहऱ्याचा गृहस्थ भिंतींचं कौतुक करत हिंडत असतो. रखवालदार नवीन असला तर बिचारा काळजीत पडतो. पुढे कार्यक्रम सुरू होतो, वक्ता रंगतो, छप्पर उडेल इतक्या टाळ्या पडतात, आणि तेव्हा मात्र दाजी हात पाठीमागे बांधून शेवटच्या भिंतीला टेकून उभे असतात. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, "सगळेच वाजवायला लागले तर ऐकणार कोण?"

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंदा लाउडस्पीकरचा. पण कुणी 'लाउडस्पीकरवाले' म्हटलं की त्यांचा चेहरा असा होतो की जणू शल्यविशारदाला कुणी चाकूवाला म्हटलं. "मी आवाज मोठा करत नाही," ते समजावतात, "मी आवाज पोचवतो. पोस्टमननं पत्र चौकात उभं राहून ओरडून वाचायचं नसतं. ज्याचं त्याच्या हातात द्यायचं असतं."

म्हणूनच मोठमोठ्या स्पीकरांचा त्यांना मनापासून तिटकारा. त्यांच्याकडे आहेत सोळा लहान डबे. बुटांच्या खोक्यापेक्षा जरा मोठे, दिसायला अगदीच गरीब. ते सभागृहाच्या दोन्ही बाजूंना, खांबाखांबावर, समोरासमोर जोडीनं टांगायचे आणि प्रत्येकाला हळू आवाजात बोलायला लावायचं. "बागेच्या एका टोकाला उभं राहून पाइपानं पाणी मारलं तर काय होतं? पहिला वाफा वाहून जातो आणि शेवटचा कोरडा. आपण प्रत्येक रोपाशी जाऊन झारीनं घालायचं." एवढं बोलून ते समोरच्याकडे असं बघतात की तो पुन्हा पाइपाचं नाव काढत नाही.

यात एक गोम आहे आणि ती सांगताना दाजी खुर्चीत पुढे सरकून बसतात. आवाज हवेतून येतो तो पायी येतो. तारेतून जातो तो विजेच्या गाडीनं जातो. म्हणजे शेवटच्या खांबावरचा डबा शब्द बोलून मोकळा होतो तेव्हा पुढून निघालेला तोच शब्द अजून वाटेत धापा टाकत असतो. मागच्या माणसाला मग प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो, आणि एकदाही कळत नाही. यावर उपाय म्हणून दाजींकडे एक यंत्र आहे. ते प्रत्येक डब्याला सांगतं, तू जरा थांब. किती थांबायचं, ते दाजी पावलांनी मोजतात. त्यांचं एक पाऊल म्हणजे सेकंदाचे दोन हजारांश. या हिशोबावर त्यांचा इतका विश्वास की बावीस वर्षांत त्यांनी चपलेचा प्रकार बदललेला नाही. ताईनं एकदा हौसेनं जाड तळव्याचे बूट आणले. दाजी ते घालून एका सभागृहात एक फेरी मारून आले आणि बूट खोक्यात परत ठेवले. म्हणाले, "यांनी हॉल लहान होतो."

पावलं मोजून झाली की वर आणखी पाच पावलांचा उशीर ते प्रत्येक डब्याला पदरचा देतात. "कान भोळा असतो. जो आवाज आधी आला तोच खरा, असं धरून चालतो. म्हणून मागच्या डब्यानं पुढच्याच्या पाठोपाठ, पाय न वाजवता यायचं. मग माणूस डब्याकडे बघत नाही. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो." आपलं काम कुणाच्या लक्षातही येऊ नये म्हणून इतका आटापिटा करणारा आणि त्याबद्दल इतकं बोलणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

त्यांची आणखी एक रीत म्हणजे गाठी. डब्याला जाणाऱ्या प्रत्येक तारेत आत दोन तारा असतात, एक लाल, एक काळी. दोन्ही टोकांना त्या आपापल्या जागीच लागायला हव्यात. समोरासमोरच्या दोन डब्यांपैकी एकाच्या तारा उलट्या लागल्या तर एक डबा हवा पुढे ढकलतो त्याच क्षणी दुसरा मागे ओढतो, आणि मधे बसलेल्या माणसाच्या वाट्याला येणारा आवाज पोकळ होतो. हे टाळायला दाजी प्रत्येक लाल तारेच्या दोन्ही टोकांना एकेक घट्ट गाठ मारून ठेवत. सोळा तारा, बत्तीस गाठी. रंग असताना गाठ कशाला, असं कुणी विचारलंच तर उत्तर तयार, "गाठ अंधारात हाताला लागते. रंग लागतो का?" नवी तार घेताना मात्र ते दुकानदाराला दरडावत, "लाल कुठली ते बोट ठेवून दाखवा. हल्ली तुम्ही लोक काहीही गळ्यात मारता." आणि तो बोट ठेवायचा तिथेच, दुकानात उभ्या उभ्या, पहिली गाठ मारत. आम्ही म्हणायचो, काय काटेकोर माणूस!

बाकी रंगांच्या बाबतीत काटेकोरपणाचा पत्ता नव्हता. दाजींच्या पायात दोन मोजे असत, पण ते एकमेकांना ओळखत नसत. बाजारातून टोमॅटो आणायला पाठवलं तर निम्मे कच्चे घेऊन विजयी मुद्रेनं परत येत. कलावंत माणूस, असायचंच, असं म्हणून आम्ही सोडून देत होतो. ताई सोडून देत नव्हती. पण ती शिक्षिका. तिनं कुणालाच कधी काही सोडून दिलेलं नाही.

या दोघांचं जमलं तेही आवाजावरूनच. दाजींकडे तेव्हा एकच भोंगा होता, आणि कुठल्याशा सर्कशीची जाहिरात करायला त्यांनी तो नेमका शाळेकडे तोंड करून बांधला होता. आत परीक्षा चालू. ताई बाहेर आली, पायरीवर उभी राहिली आणि माइकबिइक काही न घेता म्हणाली, "बंद करा ते!" दाजी रस्त्यापलीकडे होते, भोंग्याच्या शेजारी होते, तरी त्यांना शब्दन् शब्द ऐकू आला. पुढे ते सांगत, "माझा भोंगा ज्या आवाजापुढे हरला तो आवाज विरुद्ध बाजूला ठेवणं परवडणारं नव्हतं." ताईनं त्याच शाळेत छत्तीस वर्षं शिकवलं. फळ्याकडे तोंड, वर्गाकडे पाठ, आणि लिहिता लिहिता, मागे न बघता, "शेवटचा बाक." बस्स, दोनच शब्द. शेवटच्या बाकावरचे चार जण त्या क्षणी ताठ.

मागल्या वर्षी तिच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. ती बरी झाली, पण आवाज गेला. उरली ती कुजबुज. वाळलेल्या पानावर कुणी बोट फिरवावं तशी. घरात ती टेबलावर पेन्सिल टकटकवायला लागली. एक टक म्हणजे 'इकडे या'. दोन म्हणजे 'कितीदा सांगायचं'. तीन टक कशासाठी ते मला माहीत आहे, पण ती माझी बहीण आहे, त्यामुळे मी सांगणार नाही. दाजी घरभर त्या पेन्सिलीच्या तालावर नाचत होते आणि बाहेर सांगत होते, "आमच्याकडे आता फार शांतता आहे." ते सांगताना त्यांना अजिबात आनंद झालेला नसे.

अशात शाळेला साठ वर्षं झाली. जुने विद्यार्थी जमणार, सहाशेजण, आणि सगळ्यांची एकच मागणी, बाई बोलल्या पाहिजेत. सगळं जुळवून आणणारा होता ताईचा एक विद्यार्थी, आता मोठा बांधकाम कंत्राटदार. वर्गात तो कायम शेवटच्या बाकावर. अजूनही त्याला आम्ही घरात शेवटचा बाक असंच म्हणतो. मनानं सोन्यासारखा, पण लहान वस्तू त्याला दिसतच नाहीत. त्यानं कपाटाएवढे दोन स्पीकर आणून व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंना उभे केले.

"काका, तुमचे ते डबे राहू द्या," तो दाजींना म्हणाला. "ह्यांच्यासमोर उभं राहिलं तर शर्टाची बटणं थरथरतात!"

"तिला बटणांशी बोलायचं नाहीये," दाजी म्हणाले.

दोन दिवस आधी तालीम झाली. ताई कुजबुजली. ते काही ऐकू जाईना, म्हणून कंत्राटदारानं बटण फिरवलं. आणखी फिरवलं. आणि कपाटं जी किंचाळली! कंत्राटदार टेबलाखाली, मी दाराबाहेर. बंद केल्यावर दाजी शांतपणे म्हणाले, "माइक हिचं ऐकायचं सोडून डब्याचं ऐकतो, डबा माइकचं ऐकतो, दोघं एकमेकांना तेच तेच सांगत राहतात. मग किंचाळण्याशिवाय काय होणार? नवराबायकोचं होतं तसं."

ताई हसली नाही. तिनं भाषणाचा कागद घडी करून माझ्या हातात दिला. "मुख्याध्यापकांना दे. ते वाचतील. मी नाही बोलणार."

"अगं, मी सोळा डबे लावतो ना," दाजी म्हणाले. "शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू जाईल. माझा शब्द."

"नुसतं ऐकू जाऊन चालणार नाही." तिला दम लागला, ती थांबली. "ज्यांना मी दोन शब्दांत ताठ करत होते, त्यांना माझी कीव आली तर? मी तिथे उभी राहणार नाही."

दाजींनी माझ्या हातून कागद घेतला आणि खिशात घातला. "कार्यक्रमाच्या दिवशी चार वाजता मी शेवटच्या भिंतीशी असेन. मला पटलं नाही तर हा कागद मी स्वतः मुख्याध्यापकांना नेऊन देईन. पटलं तर तू बोलायचं."

ताईनं एकदा मान डोलावली. ठरलं.

दुसऱ्या दिवशीची दुपार तिला खायला उठली असावी. धड बोलता येत नाही, काळजी तर सांगताही येत नाही. मग तिनं तारांची पेटी काढली. एकेक तार ओल्या फडक्यानं पुसली. टोकांना गबाळ्या गाठी दिसल्या, रंग असताना त्या कशाला म्हणून सुईनं टोकरून टोकरून सोडवल्या, टोकं सरळ केली आणि सोळा वेटोळी दोऱ्यानं बांधून ओळीनं ठेवली, वह्या तपासून ठेवतात तशी.

कार्यक्रमाच्या दिवशी दाजी आणि मी सकाळी अकराला सभागृहात. लांबच लांब हॉल, दोन्ही बाजूंना आठ आठ खांब. टाळ्या झाल्या, पावलं मोजून झाली, डबे टांगले. मग दाजींनी पेटी उघडली आणि उघडी धरूनच उभे राहिले.

"वा! ताईनं काय सुरेख बांधलंय," मी म्हणालो.

"हो," दाजी म्हणाले. त्यांचा अंगठा तारेच्या टोकावरून फिरत होता. पुढे, मागे, पुन्हा पुढे. "सुरेखच."

त्यांनी तारा जोडल्या. नेहमीपेक्षा चौपट वेळ लागला. घाम पुसत होते, टोकं खिडकीशी धरून बघत होते. मी म्हटलं, "मी जोडू का निम्म्या?" तर खेकसले, "तू पेपर वाच!" म्हणजे खरोखरच पेपर वाचायचा होता, माइकसमोर, हळू आवाजात. मी हवामानाचा अंदाज कुजबुजत राहिलो आणि दाजी मधल्या वाटेनं चालत राहिले. मधेच थांबत, शिडी लावत, एखाद्या डब्याच्या तारा उलटसुलट करत, उतरत, पुन्हा चालत. एक डबा सुधारला की शेजारचा बिघडे. कुठला बदलला आणि कुठला नाही हे तासाभरानं त्यांचं त्यांनाच सांगता येईना. डब्यांच्या जाळ्या काढून, तारेला सेल लावून, आतला पडदा पुढे येतो की मागे जातो ते बघत एकेक डबा तपासता आला असता, पण मग कार्यक्रम उद्या ठेवावा लागला असता. तीन वाजले. कंत्राटदार चार माणसं घेऊन खुर्च्या मांडत होता आणि दर पाच मिनिटांनी कोपऱ्यातल्या आपल्या कपाटांकडे प्रेमानं बघत होता. ताई येऊन व्यासपीठावर बसली होती, खुर्चीची सवय व्हावी म्हणून.

दाजींनी मला मागे पाठवलं. "एकेका खांबाशी थांबत मागे जा, मी बोलतो," म्हणाले आणि स्वतः व्यासपीठावर गेले. पण माइकशी न बोलता ते ताईच्या शेजारी जाऊन बसले. माइक दोघांच्या मधे. दाजींचा हात खिशावर, कागद होता त्या खिशावर.

"अगं, ऐक. त्या तारांच्या गाठी..."

"फार घट्ट होत्या हो. बोट बघा माझं."

"छान केलंस. पण..." दाजींनी एक श्वास घेतला. "मला लाल दिसत नाही."

"चष्मा विसरलात?"

"चष्म्याचं नाही. जन्मापासून. लाल आणि काळा मला एकच. गाठ होती म्हणून कळायचं कुठली कुठली ते."

ताईनं त्यांच्या पायांकडे बघितलं. एका पायात काळा मोजा होता, दुसऱ्यात विटकरी.

"चौतीस वर्षं," ती म्हणाली. "चौतीस वर्षं मी समजत होते की तुम्हाला आवडनिवडच नाही."

"आवड आहे. रंग नाही."

"पहिल्या वर्षी मी लालभडक शाल घेतली. तुम्ही म्हणालात, शांत रंग आहे."

"मला शांतच दिसली गं."

"सांगितलं का नाही?"

"तारा जोडायचा धंदा करणारा माणूस, त्यानं सांगायचं काय? उद्या कुणी काम दिलं असतं? आणि तुला काय सांगणार... तू तर माझे मोजेसुद्धा तपासतेस."

हे सगळं मी एकेका खांबाशी थांबत मागे जाताना ऐकत होतो. खुर्ची हातात तशीच धरून कंत्राटदारही ऐकत होता. त्याची चार माणसंही ऐकत होती. माइक चालू होता.

कंत्राटदारानं खुर्ची खाली ठेवली, हॉलभर चालत पुढे गेला आणि म्हणाला, "काका, मला लाल दिसतो. कुठून सुरू करू?"

दाजींनी माइककडे पाहिलं. मग आमच्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर काय काय आलं आणि गेलं ते मला नीट सांगता येणार नाही, पण शेवटी जे टिकलं ते धंद्याचं होतं. ते उठले आणि मला ओरडून विचारलं, "ऐकू येत होतं?"

"येत होतं."

"कुठपर्यंत? नीट सांग!"

"पाचव्या खांबापर्यंत मी आलो तोवर शब्दन् शब्द. सहाव्याशी अर्धवट, माठात बोलल्यासारखं. सातव्याशी पुन्हा स्वच्छ."

"तिचंही?"

"ताईचंच जास्त."

दाजी ताईकडे वळले. दिवसभरात पहिल्यांदा त्यांची छाती पुन्हा पोटाच्या पुढे आली. "ऐकलंस? तू कुजबुजत होतीस. माझ्याशी, घरात बोलतेस तशी. आणि डबे धड जोडलेलेसुद्धा नाहीत अजून!"

पुढचा पाऊण तास त्या हॉलमध्ये जे दृश्य होतं ते बघायला लवकर आलेले पन्नासेक लोक दारात गोळा झाले होते. शिडीवर कंत्राटदार, भरजरी कोट काढून. "लाल उजवीकडे, काका!" शिडी धरून दाजी. "ओरडू नकोस, मी बहिरा नाही!" आणि मांडीवर तारा घेऊन ताई, एकेका लाल टोकाला गाठ मारत. कंत्राटदार म्हणाला, "बाई, आता रंग बघून लावतोच आहोत, गाठ कशाला?" ताईनं पेन्सिलीनं शिडीवर दोनदा टक केलं. गाठी बत्तीसच्या बत्तीस झाल्या. सहाव्या जोडीतला एक डबा उलटा निघाला, आणि आठवीतला एक. कपाटं कोपऱ्यात उभी होती, त्यांच्यावर लोकांनी छत्र्या ठेवल्या.

चार वाजता दाजी शेवटच्या भिंतीशी उभे राहिले. खिशातून कागद काढला, मला दाखवला आणि म्हणाले, "नेऊन दे. तिलाच. वाचायला लागेल."

ताई बोलली. सात मिनिटं. आवाज तोच, वाळल्या पानासारखा, पण सहाशे माणसांत प्रत्येकाला वाटत होतं की बाई आपल्या बाकाशी येऊन उभ्या आहेत. पहिल्या मिनिटात काही जण पुढे झुकून ऐकत होते. मग त्यांच्या लक्षात आलं की झुकायची गरज नाही, आणि ते मागे टेकून बसले. तिनं शाळेच्या गळक्या छपराचा किस्सा सांगितला. हशा पिकला. कीव करायला कुणाला सवड मिळाली नाही.

कंत्राटदार सवयीनं शेवटच्या ओळीत बसला होता. गळक्या छपराबद्दल त्याला, बांधकामाचा माणूस म्हणून, काही सांगायचं होतं. तो शेजाऱ्याकडे वळला आणि त्यानं तोंड उघडलं.

ताई हातातला कागद बघत होती. मान वर न करता ती कुजबुजली, "शेवटचा बाक."

अख्खी शेवटची ओळ ताठ झाली. टक्कल पडलेली, चष्मे लागलेली, नातवंडं असलेली माणसं, हात गुडघ्यांवर. त्यांच्या डोक्यापासून हातभर वर खांबावर डबा होता. एकानंही वर पाहिलं नाही. सगळ्यांचे डोळे व्यासपीठावर, बाईंच्या तोंडाकडे.

दाजींनी ते पाहिलं. मला कोपर मारलं आणि भुवईनंच वरचा डबा दाखवला.

भाषण संपलं तेव्हा टाळ्या थांबेनात. दाजी नेहमीप्रमाणे हात पाठीमागे बांधून ऐकत उभे. ताई वाट बघत थांबली. मग तिनं पेन्सिल उचलली आणि माइकशेजारी टेबलावर टेकवली. एकच टक.

सोळा डब्यांनी आपापल्या पाळीनं ती टक सांगितली. व्यासपीठापासून शेवटच्या भिंतीपर्यंत अठ्ठावन्न पावलं, म्हणजे आवाजाला पोचायला एकशे सोळा हजारांश सेकंद, हे दाजींचंच गणित. पण मी शेजारी उभा होतो आणि शपथेवर सांगतो, ती टक भिंतीपर्यंत पोचायच्या आत दाजी निघालेले होते.